अक्स

उर्दूत फोटोग्राफीला 'अक्कासी' म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब. आरशातले, नाही तर विहिरीच्या पाण्यातले. चित्र काढणाऱ्याला मात्र म्हणतात मुसव्विर. हा दुसरा शब्द जरा जड आहे, कारण अल्लाहच्या नव्याण्णव नावांपैकी एक नाव 'अल-मुसव्विर' आहे. रूप देणारा. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यात अक्स चालतो, मुसव्विरी चालत नाही, आणि फोटो बिचारा दोहोंच्या मध्ये अडकून बसतो. भिंतीवर मक्का-मदिन्याचे चित्र असते, आयतुल कुर्सीची फ्रेम असते, किराणा दुकानाचे कॅलेंडर असते. माणसांचे फोटो पेटीत असतात, थंडीच्या कपड्यांच्या घडीखाली, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत.

यावर आमच्या आलिमांत वाद झाले आहेत आणि ते संपलेले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी लिहिले, की कॅमेरा नवे काही घडवत नाही, तो फक्त पडलेली सावली धरून ठेवतो. आपल्याकडच्या बऱ्याच उलेमांना हे पटले नाही. मग हजला जायचे तर पासपोर्ट आला, पासपोर्टाला फोटो आला, आणि 'जरूरत' या नावाखाली दरवाजा किलकिला झाला. आता तर काबागृहासमोर उभे राहून लोक स्वतःचे फोटो काढतात. आम्ही उर्दू शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो, फतवे देणे आमचे काम नाही. पण एक गोष्ट आम्हाला फार दिवसांपासून गमतीची वाटते. ज्या मुलखात आमचे आजे-पणजे जन्मले, त्या निजामाच्या मुलखात एका फोटोग्राफरला खुद्द दरबारातून 'मुसव्विर जंग' हा किताब मिळाला होता.

त्यांचे नाव लाला दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा, जैन कुटुंबातला. रुडकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि नोकरीत असतानाच फोटोग्राफीच्या नादी लागले. नंतर सिकंदराबादला मोठा स्टुडिओ काढला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८९० च्या दशकात त्यांना 'राजा मुसव्विर जंग बहादूर' केले. १९०५ मध्ये ते वारले. त्यांच्या दोन हजार आठशेहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. निजामाचा दरबार, शिकारी, मेजवान्या, नवाबांची पोरे, वेरूळ, दौलताबाद, सगळे त्यांत आहे. आपल्या भागाचे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे तोंड कसे होते, हे पाहायचे तर दीनदयाळांकडे जाण्यावाचून इलाज नाही.

त्यांची एक गोष्ट आम्ही वर्गात हमखास सांगतो, मुली कान टवकारतात म्हणून. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बेगमांसाठी. चालवणारी बाई इंग्रज होती, केनी-लेविक नावाची. तिचा नवरा 'टाइम्स' या वृत्तपत्राचा हैदराबादचा बातमीदार. स्टुडिओभोवती उंच भिंती. आत सगळ्या बायका, पुरुषाची सावलीसुद्धा नाही. म्हणजे फोटो नको असे त्या घरांत कोणी म्हणत नव्हते, परक्याची नजर नको एवढेच होते. बेगमा नटून-थटून येत, काचेवर उमटत आणि तो अक्स घेऊन पुन्हा पडद्यात जात. मुली विचारतात, "आपा, त्या हसायच्या का फोटोत?" तेव्हा फोटोत सहसा कोणी हसत नसे, हे सांगावे लागते. जुन्या ओल्या काचेच्या पद्धतीत तर कित्येक सेकंद हलायचे नसे. मान स्थिर राहावी म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत. पुढे कोरड्या काचा आल्या, वेळ कमी लागू लागला, चिमटा गेला; पण चेहऱ्यावरचा ताठा काही वर्षे तसाच राहिला. आजही आमचे अब्बा मोबाईलसमोर तसेच बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल हैदराबादला नेली होती. चौमहल्ला राजवाड्यात निजामकाळचे फोटो मांडले आहेत. झुंबरे पाहून झाल्यावर मुली त्या फोटोंसमोरून फिरत होत्या. शेरवान्या, दस्तार, मोत्यांच्या माळा, तलवारी. आठवीतली एक मुलगी, बाप हमाली करतो, प्रत्येक फोटोजवळ जाऊन खालची पाटी वाचत होती. शेवटी आमच्याकडे आली आणि विचारले, "आपा, अपने लोगां किधर हैं इसमें?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही तिथे उत्तर दिले नाही, कारण उत्तर आम्हाला ठाऊक होते आणि ते राजवाड्यात सांगण्यासारखे नव्हते.

अपने लोगां औरंगाबादेत आहेत. आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण फोटो औरंगाबादचा आहे, १८९९-१९०० सालचा. विक्रम संवत १९५६, म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसे त्याला छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत. निजाम सरकारने मदतीची कामे काढली, अन्नछत्रे घातली, आणि त्या कामाच्या नोंदीसाठी दीनदयाळांच्या स्टुडिओने फोटो काढले. त्यांतल्या एका फोटोत दुष्काळात सापडलेली माणसे कॅमेऱ्यासमोर आणली आहेत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी शरीरे, पायांच्या काठ्या झालेल्या, आणि डोळे सरळ कॅमेऱ्याकडे. फोटोला इंग्रजीत जे नाव दिले आहे त्याचा अर्थ होतो, 'क्षीणतेचे नमुने, औरंगाबाद'.

आम्ही हा फोटो प्रथम पाहिला तो बी. एड. करताना. शैक्षणिक साधनांवर एक टाचण करायचे होते, त्यासाठी जुनी चित्रे शोधत होतो. फोटोपेक्षा आधी तो शब्द डोक्यात घुसला. नमुने. कापडाचे असतात, मातीचे असतात, बियाण्याचे असतात. माणसांची नावे कोणीतरी विचारली असतील का? अन्नछत्राच्या वहीत कदाचित असतीलही, फोटोवर नाहीत. त्यांतला कोण महार, कोण पिंजारी, कोण कुणबी, आता कोणालाच सांगता येणार नाही. भुकेने सगळ्यांना एका मापात आणले होते.

आणखी एक बाब. हे दुष्काळाचे फोटो व्हाइसरॉय कर्झन यांच्या संग्रहात गेले. त्याच कर्झनसाहेबांनी १९०२ साली हैदराबाद संस्थानात वाघाची शिकार केली. साहेब, मॅडम आणि पायाशी मेलेला वाघ, असा तो फोटो फार प्रसिद्ध आहे. तोही दीनदयाळांचाच. साहेबांचे नाव लागले, मॅडमचे लागले, वाघालाही 'वाघ' म्हटले गेले. दीनदयाळांना आम्ही दोष देत नाही. पोट भरायचे तर दोन्हीकडचे फोटो काढावे लागतात, आणि त्यांनी ते काढले नसते तर औरंगाबादच्या त्या माणसांचा अक्सही उरला नसता. नाव कोणाचे लिहायचे आणि कोणाचा नमुना करायचा, हे ठरवणारे दुसरे होते.

माणसांचे नमुने करण्याची ही सवय जुनी होती. १८५७ नंतर इंग्रजांना वाटू लागले, की या मुलखातली माणसे नीट ओळखून ठेवली पाहिजेत. त्याआधीपासून गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि त्यांच्या पत्नीला हौस म्हणून फोटो हवे होते. हौशीचे सरकारी काम झाले. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड लंडनला निघाले. चारशेहून अधिक फोटो. प्रत्येकाखाली जात, जमात, स्वभाव. अमुक जात विश्वासू, तमुक लबाड. जसे बैलबाजारात दात पाहून सांगतात तसे.

सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनला गेले होते. सोबत मुलगे होते. इंडिया ऑफिसात त्यांच्या हाती हे पुस्तक आले. एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला, सय्यद महमूदला विचारले, तू हिंदुस्थानी का? महमूदने हो म्हटले आणि तो लाजून लाल झाला. घाईने पुढे म्हणाला, की आम्ही इथले मूळ रहिवासी नव्हे, आमचे पूर्वज दुसऱ्या देशातून आले. हा प्रसंग सर सय्यदांनी स्वतः पत्रात लिहून मायदेशी कळवला. ही चित्रे पाहून इंग्रज आपल्याबद्दल काय समजत असतील, याची त्यांना फार शरम वाटली.

सर सय्यदांचा आम्ही आदर करतो; उर्दू शाळेत शिकलेला कोण करणार नाही? पण त्या मुलाचे उत्तर आम्हाला आजवर रुचलेले नाही. आपला अपमान त्याने झटकला आणि दुसऱ्याच्या अंगावर टाकला. ज्यांचे पूर्वज दुसऱ्या देशातून आलेले नाहीत त्यांनी काय करायचे? आम्ही पिंजारी. आमच्या पणजोबांनी कापूस पिंजला, त्यांच्या बापाने पिंजला. गाद्या भरल्या मराठ्यांच्या, मारवाड्यांच्या, देशमुखांच्या. अरबस्तान त्यांनी फक्त नमाजाच्या दिशेत पाहिले. आम्ही नमुन्यांच्याच बाजूचे. पुस्तकाला नाव ठेवायचे तर तिथे उभे राहूनच ठेवले पाहिजे.

आमची एक जास्तीची नोकरी आहे, बिनपगारी. निजामकाळचे कागद उर्दूत आहेत. शाळेचे प्रवेश रजिस्टर, जमिनीचे उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी. अक्षर बहुतेक शिकस्ता, म्हणजे मोडलेले, घाईचे, नुक्ते गायब. आम्हाला ते बऱ्यापैकी लागते. बी. एड.ला प्रवेश घेताना आम्हाला स्वतःचाच ओबीसीचा दाखला काढायचा होता आणि १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता, तेव्हा आजोबांच्या नावापुढचा 'पिंजारी' शोधता शोधता हे अक्षर डोळ्यांत बसले. मग शेजारचे येऊ लागले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तर आमच्या ओसरीवर मराठा पाहुण्यांची रांग लागली. ज्यांच्या घरी एरवी आमचे जाणे-येणे फक्त ईद-दिवाळीला, ते पाटील झेरॉक्स घेऊन चहा पीत बसलेले. "बाई, आमच्या पंजाचं नाव आहे का बघा." एकदा नाव सापडले तेव्हा सत्तरीच्या एका माणसाने त्या उर्दू अक्षरावरून बोट फिरवले. वाचता येत नव्हते, नुसते फिरवले. मग विचारले, "दिसायला कसे होते, ते नाही ना लिहिलेलं?"

नव्हते लिहिलेले. कागदात नाव होते, चेहरा नव्हता. औरंगाबादच्या फोटोत चेहरे आहेत, नावे नाहीत.

मात्र दोन्ही एकत्र लिहिण्याची रीत या दख्खनमध्ये एके काळी होती. हैदराबादच्या सरकारी दफ्तरखान्यात शाहजहान आणि औरंगजेबाच्या काळातले हजारो कागद आहेत. त्यांतल्या सैन्याच्या हजेरीच्या कागदांना 'अर्ज-ओ-चेहरा' म्हणतात. शिपाई नोकरीला आला की कारकून त्याचा चेहरा लिहून घेई: नाव, बापाचे नाव, जात, गाव, रंग, कपाळ, भुवया, डोळे, नाक, तीळ कुठे, जखमेचा व्रण कुठे. हेतू सरळ होता. पगाराच्या दिवशी भलताच माणूस उभा राहू नये. सरकारचाच संशय, पण त्या संशयापायी गरीब शिपायाचा तीळसुद्धा साडेतीनशे वर्षे टिकला. 'हुलिया' हा शब्द मराठीत अजून आहे, फक्त आता तो फरारी माणसाचाच असतो.

आता घरातली गोष्ट. आमच्या नानीचा फोटो नव्हता. तिने काढू दिला नाही. अम्मीच्या लग्नात नाही, मामाच्या लग्नात नाही. लोकांना वाटायचे, म्हातारी दीनदार आहे. नमाजी होती खरी, पण पडद्यातली नव्हती. नऊवारी लुगडे नेसून शेतावर खुरपायला जाणारी बाई, कसला पडदा? एकदा फोटोवाल्याने आग्रह केला तेव्हा एवढेच म्हणाली, "नक्को. फोटू रहा तो जलाना पडता."

त्याचा अर्थ अम्मीने आम्हाला उशिरा सांगितला. नानीचे जेठ निजामाच्या करोडगिरी खात्यात, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, चपराशी होते. हैदराबादला गेले असताना त्यांनी स्टुडिओत फोटो काढला. शेरवानी भाड्याची, रूमी टोपी स्वतःची, छातीवर पितळी चपरास, मागे पडद्यावर रंगवलेली बाग. घरातला तो एकच फोटो; लोक पाहायला येत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली. तेरा तारखेला फौज शिरली, सतराला निजाम शरण आले. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केले ते गावाच्या आठवणीत होते, आणि नंतर जे घडले ते मोजायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा, हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. रझाकारांशी नानीच्या सासरचा काही संबंध नव्हता. पण टोपी आणि पितळेचा बिल्ला पाहून कोण विचारत बसणार? सासूने सांगितले आणि नव्या सुनेने, म्हणजे नानीने, स्वतःच्या हाताने फोटो चुलीत घातला. जेठ तेव्हा नाक्यावर होते. ते परत आलेच नाहीत. त्यांची बायको पुढे चाळीस वर्षे जगली. अधूनमधून नानीला म्हणायची, "मेरेकू उनका मूँ याद नै आता गे." नानी उठून पाणी भरायला जायची.

म्हणून नानीचा फोटो नव्हता. एक सोडून. १९९० च्या दशकात मतदार ओळखपत्रे निघाली तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्यांना बोलावले. नानी गेली, कारण सरपंचांनी घरी येऊन सांगितले की कार्डाशिवाय मत नाही, आणि मत देणे तिला आवडायचे. फोटोवाल्याने "मौसी, पदर थोडा मागं घ्या" म्हटले. तिने घेतला. पांढऱ्या भिंतीसमोरची ती दोन मिनिटे.

नानी २००६ मध्ये गेली. २०१९-२० च्या हिवाळ्यात मोहल्ल्यात कागदांची चर्चा सुरू झाली, जो तो आपापल्या पेट्या उपसू लागला. अम्मीनेही पेटी उघडली. रेशन कार्ड, नानांची जमिनीची पावती, आणि तळाशी नानीचे ओळखपत्र. अम्मी ते हातात घेऊन किती तरी वेळ बसली. आपल्या आईचा चेहरा आपण विसरत चाललो होतो, हे तिला तेव्हा कळले असावे. बोलली काही नाही. चर्चा निवली, कागद पेटीत गेले, कार्ड मात्र तिने उशीखाली ठेवले.

मागच्या रमजानआधी ती म्हणाली, हा मोठा करून आण. फोटो नखाएवढा, काळा-पांढरा, आणि प्लास्टिक पिवळे पडलेले. गावातल्या स्टुडिओतल्या पोराने स्कॅन केला, कॉम्प्युटरवर कसल्याशा अ‍ॅपमध्ये घातला आणि दोन मिनिटांत रंगीत नानी बाहेर काढली. गाल भरलेले, सुरकुत्या गायब, पदराला इस्त्री, नाकातली चमकी पुसलेली, डोळे चकचकीत. पोराने हौसेने दाखवले. अम्मीने चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "ये किसकी माँ है बाबा?"

पोरगा हिरमुसला. आम्ही त्याला म्हटले, काही करू नकोस, जसा आहे तसाच मोठा कर. त्याने आठ बाय दहाच्या कागदावर काढून दिला. जवळून पाहिले तर नुसते ठिपके. अम्मीने तो भिंतीवर लावला नाही, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायचे ठरवले. दार उघडायचे, दोन पावले मागे सरायचे, मग नानी दिसते. नमाजाच्या वेळी दार लावलेले.

चिकटवण्याआधी ती म्हणाली, मागे लिही, दोन्ही लिपींत. आम्ही लिहिले. नाव, बापाचे नाव, गाव, जात पिंजारी. मग अम्मी सांगत गेली आणि आम्ही लिहीत गेलो. रंग सावळा, कपाळ रुंद, डाव्या भुवईवर विळ्याचा व्रण, हनुवटीवर गोंदलेला हिरवा ठिपका. वयाशी येऊन ती थांबली. कार्डावर पासष्ट होते, पण ते फोटोवाल्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने अंदाजाने टाकलेले.

"पोलीस अ‍ॅक्शन कू सतरा-अठरा की थी बोलती थी," अम्मी म्हणाली. "वइच लिख."